मिरज ते लेह, फक्त सरकारी बसने: बाबांना घेऊन पाच आठवडे. सल्ला हवा

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझे बाबा मिरज आगारात एसटीचे चालक होते. ३१ वर्षं. आधी बरीच वर्षं मिरज-रत्नागिरी, शेवटी शेवटी पुण्याची रातराणी. आता ६६ वर्षांचे आहेत. आयुष्यभर लोकांना देवाला, लग्नाला, परीक्षेला वेळेवर पोचवलं, पण स्वतः प्रवासी म्हणून खिडकीशी बसून कुठे गेले असतील तर लेकीच्या, म्हणजे माझ्या, सासरी.

मागच्या महिन्यात टीव्हीवर हिमाचलच्या सरकारी बसची दिल्ली-लेह फेरी दाखवत होते. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत उचलला नाही. नंतर एवढंच म्हणाले, "साधी गाडी आहे गं. आपल्यासारखीच." त्या रात्री मी ठरवलं की यांना त्या गाडीत बसवायचं.

बेत असा: जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं. मिरज, पुणे, नाशिक, सापुतारा, सुरत, बडोदा, अहमदाबाद, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, बिकानेर, अमृतसर, धरमशाला, मनाली, केलाँग, लेह. येताना लेहहून विमान. अट एकच, जाताना सगळा प्रवास राज्य परिवहनाच्या गाड्यांनी आणि होता होईल तो दिवसाउजेडी. दोघांचं मिळून एक लाखाचं बजेट. मला पाच आठवड्यांची रजा मिळते आहे, ती एकदाच.

काय चुकतंय ते सांगा. बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

डोंगरवाट

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. बेत नक्की करा, फक्त तो उलटा करा.

तुमच्या बेतात दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. लेहची बस साधारण जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच धावते, आणि जूनमध्ये राजस्थान भट्टीसारखं तापलेलं असतं. जैसलमेर-बिकानेर रस्त्यावर साध्या गाडीच्या खिडकीतून येणारा वारा गालाला चटका देतो. ६६ वर्षांच्या माणसाला दोन आठवडे त्यातून नेऊन वर लगेच १७ हजार फुटांवर न्यायचं, हे मला पटत नाही.

त्यापेक्षा ऑगस्टच्या शेवटी पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने थेट जम्मूतावीला जा. तिथून बस सुरू करा. जम्मू, श्रीनगर, कारगिल, लेह. मग लेहहून हिमाचलची ती बस पकडून केलाँग, मनाली, आणि तिथून खाली उतरत उतरत घरापर्यंत. राजस्थानात पोचाल तेव्हा सप्टेंबर संपत आलेला असेल. दुपारी ऊन लागेलच, पण सोसवेल.

उंचीचाही हिशोब बघा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल २,७००, लेह ३,५००. पायरी पायरीने चढता येतं. वाटेत झोजी ला ३,५२८ आणि फोटू ला ४,१०८ मीटर हे घाट लागतात, पण ते ओलांडून लगेच खाली येतो. मनालीकडून गेलात तर २,०५० मीटरवरून निघून केलाँगला एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी बारालाचा, लाचुलुंग, टांगलांग असे एकामागून एक घाट. त्यातले शेवटचे दोन पाच हजार मीटरच्या वर. मी २०१८ साली त्याच वाटेने गेलो होतो. वाटेत पांग इथल्या तंबूत चहाचा कप हातात घेतला आणि तो तोंडापर्यंत नेता येईना, इतकं डोकं दुखत होतं. तेव्हा ३२ वर्षांचा होतो, रोज पर्वती चढणारा. चूक सगळी माझी, मनालीला थांबलोच नव्हतो.

कृष्णाकाठ

उलटं करायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "परतीची फेरीच खरी. जाताना सगळेच ताजे असतात."

पण एक अडचण. ऑगस्टअखेर निघालो तर गणपतीत घरी नसू. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. आई गेल्यापासून बाबाच बसवतात.

खडीसाखर

मी डॉक्टर आहे, सांगलीतच असते. गणपतीचं मला सांगता येणार नाही, तब्येतीचं सांगते.

रक्तदाब आटोक्यात असेल तर ६६ हे वय आडवं येत नाही. निघण्याआधी ईसीजी, किडनीची रक्ततपासणी, आणि डॉक्टरांना "लेहला बसने जातोय" असं स्पष्ट शब्दांत सांगणं, एवढं करा. विरळ हवेसाठी डायमॉक्स देतात, ती मनाने घेऊ नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर जपून द्यावी लागते. रोजच्या गोळ्या मात्र पुऱ्या पाच आठवड्यांच्या आणि वर दहा दिवसांच्या घ्या. अर्ध्या तुमच्या बॅगेत, अर्ध्या त्यांच्या खिशात.

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस शांती स्तूप नाही, बाजार नाही, काही नाही. खोलीत पडून राहायचं. डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप न येणं इथवर थांबून बघता येतं. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी दम लागायला लागला, तर थेट दवाखाना आणि पहिल्या संधीला खाली उतरणं. सकाळची वाट बघायची नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. वयस्कर माणसं बसमध्ये पाणी पीत नाहीत, गाडी थांबवायला सांगायचा संकोच वाटतो म्हणून. उंचीवर हे फार महागात पडतं. बाबा स्वतः चालक होते, त्यांना विचारा की गाडी थांबवायला सांगणाऱ्या प्रवाशावर ते कधी रागावले होते का.

घाटमाथा

डोंगरवाट यांच्याशी सहमत. लेहहून सुटणाऱ्या हिमाचल परिवहनच्या बसबद्दल थोडं.

ही आपल्या भाषेत मुक्कामी गाडी. पहाटे अंधारातच लेह सोडते, साडेतीनशे किलोमीटर कापून संध्याकाळी केलाँगला येते आणि रात्री तिथेच उभी राहते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढे मनाली, दिल्ली. केलाँगच्या रात्रीची सोय आपली आपण करायची, तिकिटात ती नसते. बसस्थानकाच्या आसपास साध्या खोल्या मिळतात. उतरल्या उतरल्या आधी खोली बघा, मग जेवण. पहाटे कितीला निघणार ते उतरतानाच वाहकाकडून पक्कं करून घ्या.

चालक वाटेत बदलतात, एकटा माणूस पूर्ण फेरी करत नाही. बाबांना हे बघायला आवडेल. मी गेलो तेव्हा सरचूच्या अलीकडे एका वळणावर आमची बस आणि समोरून इंधनाचा टँकर. दोघांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या, एक शब्द बोलले नाहीत, नुसत्या हाताच्या खुणा. टँकर इंचाइंचाने मागे गेला. आमच्या चालकाने जाताना दोन बोटं कपाळाला लावली. सगळी बस श्वास रोखून होती आणि पुढच्या बाकावरची लडाखी आजी जपमाळ ओढत होती.

केलाँगनंतर अटल बोगदा लागतो, ९ किलोमीटरचा. २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला. त्याआधी रोहतांग चढून यावं लागायचं.

हाताशी दिवस असतील तर मनालीहून दिल्ली रस्त्याला न लागता स्पितीत शिरा. मनालीहून पहाटे काझाची बस असते. बोगदा ओलांडून उजवीकडे वळते, आणि ग्रामफूपासून पुढे रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे. कुंझुम घाटाच्या माथ्यावर देवीचं ठाणं आहे. तिथे येणाऱ्या गाड्या देवीला प्रदक्षिणा घालून मगच पुढे जातात. आमच्या बसनेही घातली, प्रवाशांसकट. काझाहून सकाळची रिकाँगपिओची बस, वाटेत ताबोचा मठ (स्थापना सन ९९६), नाको. भारतीय नागरिकांना या वाटेवर परवाना लागत नाही. पिओहून शिमल्याला दिवसभर गाड्या. सप्टेंबरात किन्नौरात सफरचंदाची तोड चालू असते, अख्खी बस वासाने भरून जाते.

भातुकली

मध्येच विचारते. परतीला राजस्थान-गुजरातचा एवढा वळसा का? दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर, धुळे हे सरळ पडेल ना?

घाटमाथा

नकाशावर सरळ आहे, पण मध्य प्रदेशाचं परिवहन महामंडळ २००५ मध्येच बंद पडलं. इंदूरला आपल्या एसटीच्या आणि शेजारच्या राज्यांच्या गाड्या येतात, पण राज्याच्या आत फिरायचं तर खासगी बस. ताईंची अट सरकारी गाड्यांची आहे, म्हणून पश्चिमेचाच रस्ता.

सुईदोरा

मी एकटीने आणि सासूबाईंना घेऊनही असा प्रवास केला आहे.

पहिलं म्हणजे फोन. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही. निघण्याच्या पंधरा दिवस आधी एक तरी नंबर पोस्टपेड करून घ्या, आदल्या दिवशी धावपळ नको.

दुसरं सवलतीचं. महाराष्ट्रात महिलांना अर्धं तिकीट आहे, २०२३ च्या मार्चपासून. बाबांनाही ६५ ते ७५ च्या गटात अर्धं लागेल. पण हे आपल्या हद्दीपुरतं. पंजाबात महिलांना मोफत आहे ते पंजाबच्या रहिवाशांना. तेव्हा मिरज-पुणे आणि शेवटचं नाशिक-मिरज सोडून सगळीकडे पूर्ण तिकीट धरूनच हिशोब करा, म्हणजे वाहकाशी वाद नाही आणि मनही खट्टू होत नाही.

तिसरं सामान. माणशी एकच पाठपिशवी, आणि ती इतकीच मोठी की मांडीवर घेऊन बसता येईल. डोंगरातल्या साध्या गाड्यांत सामान टपावर जातं आणि पावसात भिजतं. मी सगळे कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधते, मग सॅकमध्ये. एक चादर, एक उशीचा अभ्रा (लॉजच्या उशीवर घालायला), सुती रुमाल चार. वळणांवर मळमळतं त्यांच्यासाठी आवळासुपारी आणि रिकाम्या पिशव्या. सुपारी नको असेल तर नुसतं आलं-लिंबू.

स्वच्छतागृहाचं: मोठ्या बसस्थानकावर उतरलात की भूक असो नसो, आधी तिकडे जाऊन या. लेह-केलाँग वाटेवर आडोसा म्हणजे दगड. लांब ओढणी किंवा शाल जवळ ठेवा.

डोंगरवाट

सुईदोरा ताईंनी सगळं सांगितलं. मी फक्त दिवसांबद्दल ठासून सांगतो. रोजच्या रोज गाडी धरून कोष्टक भरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरात हिमाचलात दरडी कोसळतात. २०२३ आणि २०२५ मध्ये मंडी-कुल्लू भागात रस्ते दिवसच्या दिवस बंद होते. मी एकदा मंडीच्या पुढे चौदा तास बसमध्ये बसून काढले. गावातल्या बायकांनी घरून भात आणि राजमा आणला, कुणाकडून एक पैसा घेतला नाही.

दर आठवड्याला एक दिवस पूर्ण मोकळा. कारगिलला एक दिवस, लेहला सहा, काझाला दोन. आणि लेहची बस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत ढकलू नका. फेरी कधी बंद होईल ते बर्फ आणि रस्ता ठरवतात. ८ तारखेच्या आत लेह सोडा.

कृष्णाकाठ

काल रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. बाबांनी पूर्वीच्या ड्यूटी-तक्त्यासारखे उभे रकाने आखले: गाव, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. मोकळ्या दिवसांपुढे त्यांनी "देखभाल" असं लिहिलंय.

सगळं मांडल्यावर पाच दिवस जास्त होतायत. स्पिती किंवा जैसलमेर, एकच जमेल. तुम्ही काय कराल?

खडीसाखर

स्पिती. एरवी काझाला थेट जाणं मी सुचवलं नसतं, पण तुम्ही लेहला आठवडाभर राहून आलेले असाल, शरीर तयार झालेलं असेल. मनालीला मात्र दोन रात्रींपेक्षा जास्त रेंगाळू नका, ती सवय उतरत जाते.

वडाचापार

मी बडोद्याचा. आमच्या चार पिढ्या इथे, घरात मराठी. माझंही मत स्पितीला. जैसलमेरला हिवाळ्यात कधीही जाता येतं, मिरजेहून रेल्वेने जोधपूर गाठता येतं. कुंझुम सरकारी बसने बाबांबरोबर पुन्हा होणार नाही.

राजस्थानात मग श्रीगंगानगर, बिकानेर, जोधपूर, उदयपूर एवढंच ठेवा. जोधपूर-उदयपूर करताना राणकपूरवरून जाणारी गाडी मिळते का ते चौकशी खिडकीवर विचारा, अरवलीतला तो घाट बाबांना दाखवा. उदयपूरहून शामळाजीमार्गे अहमदाबादच्या गीतामंदिर बसस्थानकाला याल. गुजरातची गुर्जरनगरी ही आपल्या निमआरामच्या जवळची, तिने या. स्थानकावर फलाटाच्या पाट्या गुजरातीत असतात. शिरोरेघ नसलेली देवनागरी समजून वाचली तर दोन दिवसांत जमते. अंक तेवढे पाठ करा, बसच्या पाटीवरही तेच.

सुरतेहून सापुतारामार्गे नाशिकची बस आहे. डांगचं जंगल पावसाळ्यानंतर हिरवंगार असतं. घाट चढून हद्द ओलांडली की समोरून लालपरी येताना दिसेल. पाच आठवड्यांनी.

बडोद्याला आमच्याकडेच उतरा. हे तोंडदेखलं म्हणत नाही.

गलाईकर

मी विट्याचा. धागा चार दिवस वाचतोय, गणपतीचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितोय.

आपल्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी गाळायचं काम. माझे चुलते अमृतसरच्या सराफ बाजारात ४० वर्षं आहेत. तिथली आपली घरं मिळून गणपती बसवतात, अनंत चतुर्दशीपर्यंत. यंदा चतुर्दशी २५ सप्टेंबरला. तुमच्या वहीप्रमाणे तुम्ही २० च्या सुमारास अमृतसरात असाल. बाबांना म्हणावं, एका संध्याकाळची आरती तुमच्या हातून. मी चुलत्यांशी बोललोय. घरी दीड दिवसाचा गणपती कोण बसवणार तो तुमचा निर्णय, पण बाप्पाचं तोंड न बघता वर्ष जाणार नाही.

आणि अमृतसरला आहात तर घुमानला जा. बटाल्याला उतरायचं आणि श्रीहरगोबिंदपूरकडे जाणारी बस धरायची. नामदेव महाराजांनी तिथे अखेरची बरीच वर्षं काढली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ चं साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. पंढरपूरचा शिंपी सातशे वर्षांपूर्वी तिथवर पायी गेला होता. आपण निदान बसने जावं. मी गेलो तेव्हा सेवेकऱ्याने गाव विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि "बाबाजी के घर से आए हो" म्हणाला. मला पुढे बोलता आलं नाही.

कृष्णाकाठ

गलाईकर दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते उठून आत गेले. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, "घुमानला दोन दिवस ठेव." तेव्हा अमृतसर-घुमान मिळून चार दिवस झाले. त्यासाठी शिमला एका रात्रीवर आणलंय.

घरचा गणपती माझा भाऊ बसवणार. बाबा त्याला रोज संध्याकाळी पूजा शिकवतायत.

आता पक्कं झालेलं लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. २५ ऑगस्टला मिरज सोडायचं. झेलमने जम्मू. श्रीनगर तीन रात्री, कारगिल दोन, लेह सहा. ८ सप्टेंबरच्या आत लेहहून केलाँगची मुक्कामी गाडी. मनाली दोन रात्री, काझा, ताबो, कल्पा मिळून सहा, शिमला एक. चंदीगडला फक्त गाडी बदलणं. अमृतसर-घुमान चार. मग बिकानेर, जोधपूर, उदयपूर, अहमदाबाद, बडोदा (वडाचापार काका, येतोय), सुरत, नाशिक, पुणे आणि घर. देखभालीचे दिवस पाच. जैसलमेर सोडूनही रजेपेक्षा पाच दिवस जास्त होतायत, ते बिनपगारी घेते. बसचं भाडं दोघांचं मिळून पंचवीस हजार धरलंय, राहणं-खाणं पासष्ट, उरलेले दहा दवाखान्याच्या नावाने वेगळ्या पाकिटात.

तपासण्या झाल्या. सगळं ठीक आहे. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी बदलून दिली, निघण्याआधी दोन महिने तीच घ्यायची आहे. एक विचारायचं राहिलं. लेहहून निघणाऱ्या बसचं आरक्षण आधी करता येतं का? बाबांना खिडकी नकोय. चालकाच्या बरोबर मागचं आसन हवंय.

घाटमाथा

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस आराम झाला की बसस्थानकावर जाऊन चौकशी करा, किती दिवस आधी तिकीट देतात ते तिथेच कळेल. तुम्ही जा, बाबांना खोलीत झोपू दे. आणि निघायच्या दिवशी गाडी लागायच्या अर्धा तास आधी फलाटावर उभे राहा. चालकाला सांगा की हे मिरज आगाराचे, ३१ वर्षं गाडी चालवलेले. आसन मिळेल.